पुढच्या दाराने नेलेले अनारसे

माय, आधी सगळं ऐकून घे, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

भाऊबीजेच्या दिवशी, भर दुपारी, तुझ्या हातच्या पिठाचे अनारसे घेऊन मी पुष्पाबाईच्या घरी गेले. मागच्या दाराने नाही, पुढच्या दाराने. जे करू नको म्हणून तू मला तीस वर्षं दटावलंस, तेच केलं. तू असतीस तर कानाखाली वाजवली असतीस आणि मी ती मुकाट्याने खाल्ली असती. पण तू नाहीस. तुला जाऊन महिना होत आला आणि मला अडवणारं या घरात आता कोणी उरलेलं नाही.

लोक येऊन सांगतात, विमलबाई लय मोठ्या मनाची होती, तिने कोणाचं वाईट चिंतलं नाही. मी मान हलवते. मनात म्हणते, तिने चिंतलं नाही ना, मग तिच्या वाटचं मी चिंतते.

तू गेलीस तेव्हा घरात पीठ होतं. मांडणीवर स्टीलच्या डब्यात गुळाचे तपकिरी गोळे, एकावर एक, नीट दाबून ठेवलेले. जायच्या चार दिवस आधी तू ते मळलं होतंस. माणूस जातं आणि त्याने केलेलं पीठ मुरत राहतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाचव्या दिवशी डबा उघडला तर वास असा आला, की मी तिथेच खाली बसले.

वडशाच्या राइस मिलमध्ये तुझं आयुष्य गेलं. मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन, नुसता चोळून, तो नवा की जुना हे तू सांगायचीस. अनारशाला तुला जुनाच लागायचा, तोही जाडा. तीन दिवस भिजवायचा, रोज सकाळी पाणी बदलायचं, मग बाबांच्या जुन्या धोतरावर सावलीत पसरायचा. पुरता वाळू द्यायचा नाही. हाताला गार लागतो तोवरच उखळात. मी कुटायचे, तू चाळायचीस, आणि पीठ माझ्या भुवयांवर बसलं की म्हणायचीस, "आली बुढी."

अनारसा कढईत विरघळून पांगला तर बायका म्हणतात, अनारसा हसला. गल्लीत सगळ्यांचे कधी ना कधी हसले. तुझे नाही. तू चुलीशी बसलीस, की हसायची त्याची छाती नव्हती.

ते आपण दिवाळीसाठी करत नव्हतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला चांद्याला, दीक्षाभूमीवर जायचं, म्हणून करायचो. सकाळची गाडी, तुझं पांढरं लुगडं, मांडीवर डबा. नागभीड येईपर्यंत अर्धा डबा रिकामा झालेला असायचा. समोर बसलेलं माणूस कोण, कुठलं, हे तू विचारत नव्हतीस. ज्याने हात पुढे केला त्याला एक. "आपला सन हाय, आपल्या हातचं खाऊ घालाव," एवढंच म्हणायचीस. गल्लीतल्या कोणी विचारलं, की विमलबाई, तुमच्यात दिवाळी नाई ना, मग अनारसे कायचे? तर म्हणायचीस, "दिवाळी ज्याची त्याले. अनारसे माहे."

आणि चांद्याहून आलो, की एक ताट कुंपणापलीकडे जायचं. पुष्पाबाईकडे.

पुष्पाकाकू तुझी मैत्रीण होती, हे मी नाकारत नाही. बांबूच्या कुंपणाला मागच्या बाजूने फट होती, त्या फटीत उभं राहून तुम्ही दोघींनी अर्धं आयुष्य बोलण्यात घालवलं. तिच्या सासूची गाऱ्हाणी तू ऐकलीस. बाबा गेले तेव्हा ती दिवसभर आपल्या अंगणात उभी होती. फक्त आपल्याकडचं पाणी ती कधी प्यायली नाही. "आत्ताच पिऊन आली वो," म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, पुष्पाकाकूला तहानच लागत नाही.

मी चौथीत होते. ताट देऊन आले आणि लक्षात आलं, की वरचा विणलेला रुमाल तिकडेच राहिला. परत गेले, जवळचं म्हणून फटीतून. पुष्पाकाकू गोठ्यात उभी होती. आपलं ताट तिने गाईच्या टोपल्यात उपडं केलं. गाय अनारसे चावत होती आणि तिच्या तोंडाला खसखस लागली होती. मग काकूने बादलीतलं पाणी घेऊन कोपरापर्यंत हात धुतले. गाईची लाळ लागली म्हणून की आपलं ताट लागलं म्हणून, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

मी धावत येऊन तुला सांगितलं. तू मला मारलंस. "गाय बी जीवच हाय," म्हणालीस. "कोनाच्या तं पोटात गेले ना?"

पुढच्या वर्षी पुन्हा ताट भरलंस आणि माझ्याच हातात दिलंस. "जा." त्याच्या पुढच्या वर्षीही. ताट धुऊन परत यायचं, रीतीप्रमाणे चिमूटभर साखर घालून. मी मोठी झाले, नोकरीला लागले. गडचिरोली डेपोत कंडक्टर झाले. भरल्या बसमध्ये माझ्या हातून तिकीट घेताना कोणी कोपरापर्यंत हात धुतलेले मी पाहिले नाहीत. पण दर वर्षी एक दिवस मी पुन्हा चौथीतली व्हायचे आणि ताट घेऊन कुंपणाशी जायचे. तू सांगितलंस म्हणून.

मग मंगलचं लग्न झालं. मंगल, तिची मुलगी, माझ्या वर्गातली. ब्रह्मपुरीला दिली. पहिल्या दिवाळसणाला जावई आणि व्याही-विहीण येणार, आणि आदल्या दिवशी पुष्पाकाकू फटीत उभी राहून रडत होती. हातात कढई. कढईत नुसता गाळ.

"सगळे हसले वं विमल. पाव्हन्यायसमोर काय ठेवू?"

"रडू नोको. मी येतो," तू म्हणालीस.

"मांगून येजो मंग," ती म्हणाली.

त्या वयात, गुडघे धरून, तू फटीतून वाकून गेलीस. आपल्या डब्यातलं पीठ घेऊन. तिच्या मागच्या चुलीवर तळून, हात पुसून, त्याच फटीतून वाकून परत आलीस. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून मी विहीणबाईचा आवाज ऐकला, "तुमच्या हाताले तं तोडच नाई जी." आणि पुष्पाकाकू हसून म्हणत होती, "आमच्या घरची जुनी रीत हाय."

तेव्हापासून दर दिवाळीला तुझे अनारसे मागच्या वाटेने जात राहिले. तिची विहीण खायची, जावई खायचा. ती स्वतः खायची नाही. "मले साखर हाय," सांगायची. मंगलच्या लग्नापासून तिला साखर झाली ती फक्त अनारशापुरती. पेढे तिने कोणाच्या बारशात सोडलेले मी पाहिले नाहीत.

या वर्षी मी साप्ताहिक सुट्टीला आले तेव्हा तू गूळ मळत होतीस. दम लागत होता. दोनदा हात थांबवून तू भिंतीला टेकलीस. मी म्हणाले, "या साली तिचं ताट जानार नाई."

"जाइन."

"गाईसाठी मरून राह्यली का तू?"

"ताट जाइन म्हनलं ना. मी जित्ती हाय तोवर जाइन."

"मी नाई नेनार."

"नोको नेऊ. मी नेतो."

त्या दिवशी मी तुझ्याकडे पाहिलं नाही. चपला घातल्या आणि निघाले. जेवले नाही. तू दारापर्यंत आली होतीस की नाही, तेही मला माहीत नाही, कारण मी मागे वळले नाही. चौथ्या दिवशी आरमोरीच्या स्टँडवर फोन आला. गाडी भरलेली होती, अर्धी तिकिटं फाडायची राहिली होती. मी ड्रायव्हरभाऊंना म्हणाले, "मले वडशाले जाच हाय," आणि त्यांनी काही न विचारता माझ्या हातातली मशीन घेतली. या वर्षी आपलं कोणी चांद्याला गेलं नाही.

आणि रडायला सगळ्यात पुढे कोण? पुष्पाबाई. छाती बडवून. "माही बहीन गेली वो." पुण्यानुमोदनाला ती अंगणात सतरंजीवर बसली, तुझ्या हार घातलेल्या फोटोच्या समोर. मी स्वतः पाण्याचा तांब्या पुढे केला. ती हळूच म्हणाली, "आत्ताच पिऊन आली."

माय, तुझ्या फोटोसमोर. त्या क्षणी मी ठरवलं.

दिवाळीच्या चार दिवस आधी ती फटीत आली. मागे गोठा रिकामा, गाय त्याच महिन्यात विकलेली. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "पोरी, मायनं पीठ करून ठेवलं असन ना? जावई येनार हाय, त्याचे मायबाप बी येनार. तू तळून दे ना. मांगून आनून देजो."

"देतो, काकू," मी म्हणाले. ती मला आशीर्वाद देऊन गेली.

तुझ्याशिवाय मी कधी कढईपुढे बसले नव्हते. पहिला अनारसा खसखशीवर थापला, तेलात सोडला आणि श्वास धरला. मला वाटलं, आता हसणार. माझ्या मनात एवढं विष, तो नक्की पांगणार. तो आधी तळाशी बसला, मग वर आला, फुलला आणि जाळी पडली. एकही हसला नाही. गूळ तू जाताना असा मोजून घातला होतास, की माझ्या रागालाही तो बिघडवता आला नाही. तेव्हा मी रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा, चुलीपुढे बसून, एका हातात झारा धरून.

मग तोंड धुतलं. तुझं चांद्याचं पांढरं लुगडं नेसले. ताट भरलं, आपल्या दारातून बाहेर पडले, गल्लीतून वळसा घातला आणि पुष्पाबाईच्या पुढच्या ओसरीवर चढले.

सगळे तिथेच बसले होते. जावई, त्याचे आई-वडील, मंगल. पुष्पाबाई चहाचे कप गोळा करत होती. मला पाहिलं आणि तिथेच थबकली.

"ह्या कोन?" विहीणबाईंनी विचारलं.

"मी बाजूची. विमलबाईची पोरगी. अनारसे आनले. तुमाले आवडते ना, दरसालचे?"

"दरसालचे तं विहीनबाई करते," त्या हसून म्हणाल्या. त्यांचा हात ताटाकडे निघाला होता.

"नाई जी. माही माय करत होती. मंगलच्या पहिल्या दिवाळसनापासून. मांगच्या दारानं आनून देत होती. हे पीठ बी तिचंच, मराच्या चार दिवस आंधी मळलेलं. आमी बौद्ध हाव. ते बी सांगून ठेवतो, मांगून गैरसमज नोको."

विहीणबाईंचा हात अर्ध्यावर थांबला आणि हळूच मांडीवर परत गेला. व्याही आपल्या पायांकडे पाहू लागले. जावई आईकडे पाहत राहिला. मग मंगलने उचलला. "विमलमावशीचाच हाय हा," म्हणाली आणि खाल्ला. तिला कधीपासून माहीत होतं, मी विचारलं नाही. तिचं पाहून जावयानेही एक घेतला.

मी ताट पुष्पाबाईपुढे धरलं.

"मले साखर..." ती म्हणाली.

"घ्या, काकू. गोठा तं रिकामाच हाय आता."

तिच्या लक्षात आलं. तीस वर्षांचं सगळं, एकदम. चेहऱ्याचा रंग कसा जातो ते मी डोळ्यांनी पाहिलं. तिने अनारसा उचलला, एक तुकडा मोडला, तोंडात घातला. मी हलले नाही. तिचा गळा हलेपर्यंत उभी राहिले. दुसरा तुकडा. तिसरा. पूर्ण अनारसा संपेपर्यंत मी ताट तसंच धरून होते. विहीणबाई उठून आत गेल्या.

मला कसं वाटलं, विचारशील. बरं वाटलं, माय. खोटं कशाला बोलू. शांती वगैरे काही आली नाही, जिंकल्यासारखं वाटलं. तुझ्या पंचशीलात हे कुठे बसत नाही, ठाऊक आहे. घरी येऊन मी पोटभर जेवले.

दोन दिवस राहायला आलेले पाहुणे त्याच संध्याकाळी निघाले. ऑटोत बसताना मंगलने तुझ्या-माझ्या घराकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. तिला तिकडे काय ऐकून घ्यावं लागेल, याचा विचार मी केला नव्हता. तू केला असतास. तेवढी एक गोष्ट माझ्या घशात अडकली आहे.

दुसऱ्या सकाळी पुष्पाबाई आली. आपल्या पायरीवर बसली. एका दिवसात म्हातारी झाली होती.

"तुह्या मायनं असं केलं नसतं," ती म्हणाली.

"म्हूनच मी केलं."

तिने कुंपणाच्या फटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुले वाटते तिले मालूम नव्हतं?"

"मालूम होतं. मीच सांगितलं होतं."

"मंग तिनं मले काय म्हनलं, ते बी सांगितलं का तुले?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"हापशीवर होतो आमी. तिनं गुंड भरला, डोक्यावर घेतला आन् मले म्हने, पुष्पाबाई, गाईले घालाच्या आंधी वरची खसखस झटकत जाय. ढोराले पचत नाई. बस. एवढं बोलली आन् हसून चालली गेली. त्याच्यावर एक शब्द नाई कधी. मले वाटलं, आता ताट येत नाई. पुढच्या साली बराबर आलं. तुह्या हातात देऊन."

"मंग?"

"मंग काय. त्या दिवसापासून गाईले नाई घातले. खायाची हिंमत नाई झाली, फेकाची बी नाई. डब्यात ठेवत होती. हिरवा बुरा लागला का नदीत सोडाले घेऊन जाव. दरसाल ताट आलं का दोन दिवस मले जेवन जात नव्हतं." तिने पदराने तोंड पुसलं. "तुले वाटते तुही माय सोसत होती. सोसत नव्हती वं. मले सोसाले लावत होती."

माय!

मला आधी हसू आलं, मग तुझा असा राग आला, की फोटोपुढे जाऊन उभी राहिले. मला मारलंस, आणि तिला हापशीवर असं बोललीस? आणि मला सांगितलं नाहीस? तीस वर्षं मी तुला दुबळी समजले. मोठ्या मनाची आहे, म्हणजे मार खाणारी आहे, असं समजले. तुझ्या त्या मोठ्या मनाची मला लाज वाटायची, आज सांगते. शेवटच्या दिवशी चपला घालून निघाले ते त्याच लाजेने. आणि तू मात्र दर वर्षी गोड करून, खसखस लावून, रुमाल झाकून, तिला तिच्याच दारात उभी करत होतीस. माझ्या हाताने. एका वर्षाचाही खाडा न करता. मी एका दुपारी जे केलं ते तुझ्यापुढे पोरखेळ आहे.

पण मला सांगायला हवं होतंस. दोघींनी मिळून हसलो असतो. त्या शेवटच्या रविवारी मी जेवून गेले असते.

उठताना पुष्पाबाईने विचारलं, "पीठ कसं करते, ते तुले येत असन ना? मले सांगशीन का वं? मी आपली करून पाहतो. मरायच्या आंधी एकडाव."

तू सांगितलं असतंस. तिच्या अंगणात जाऊन, हात धरून शिकवलं असतंस, आणि त्यातही तिला बरोबर कुठे टोचायचं ते तुला माहीत असतं. मला तेवढं जमत नाही. मी म्हणाले, "नाई."

ती गेली. मला वाईट वाटलं नाही. अजून वाटलेलं नाही.

परवा मंगलचा फोन आला. आवाज बसलेला. सासूने जाहीर केलंय म्हणाली, की यापुढे या घरात अनारशाचं नाव काढायचं नाही. मी विचारलं, "तुले काय वाटते?" ती म्हणाली, "मले पीठ सांग. मी इथीच करतो. याच घरात." मग मी सगळं सांगितलं. जुना जाडा तांदूळ, तीन दिवस, पाणी रोज बदलायचं, सावली, गूळ किती, मुरवायचं कसं. तिने लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं. मी एकच अट घातली. कोणी विचारलं ही रीत कोणाची, तर तुझं नाव सांगायचं, माय. नाव, आडनाव, गाव, आणि आपण कोण तेही. आमच्या घरची जुनी रीत, असं म्हणायचं नाही.

मंगलच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता आणि कोणीतरी तिला हाक मारत होतं. मग म्हणाली, "सांगतो."

सांगेल की नाही, ते येत्या दिवाळीला कळेल. नाही सांगितलं, तर ब्रह्मपुरी वडशाहून काही लांब नाही, माय. मी जाईन.